इब्रामपूर ते लंडन, व्हाया डिचोली

माझे वडील लंडनला जायला निघाले आणि डिचोलीला माझ्या घरी येऊन पोचले. तिथं ते पाच दिवस लपून राहिले. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी ऑफिसात रजा टाकून, खिडक्यांचे पडदे ओढून, दारावरची बेल वाजली की टीव्हीचा आवाज बंद करत बसले होते.

बाबा सरकारी बसवर कंडक्टर होते. तीस वर्षं त्यांनी पेडणे, डिचोली, साखळी याच पट्ट्यात बेल मारली. त्यामुळे अंतर ही गोष्ट त्यांना किलोमीटरमध्ये कळतच नाही. अमुक गाव किती लांब, असं विचारलं की ते मिनिटं सांगतात, तीही थांबे धरून. पावसाळ्यातली वेगळी, चतुर्थीच्या आदल्या दिवसाची वेगळी.

माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं ते मांद्र्याचं. मुलगा चांगला, घरामागं समुद्र, चार खोल्या पाहुण्यांना भाड्यानं दिलेल्या. बाबांनी पत्रिका उघडलीसुद्धा नाही. "मांद्र्याक जावक दोन गाडयो बदलूक व्हयत," एवढंच बोलले. डिचोलीचं स्थळ आलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा खुलला. इब्रामपूरहून एकच गाडी, पन्नास मिनिटं. माझ्या नवऱ्यात आणखी काय काय आहे ते मला लग्नानंतर एकटीनं शोधावं लागलं.

अशा माणसाचा मुलगा, माझा धाकटा भाऊ, लंडनजवळ एका गोदामात कामाला गेला. बाबांचा जन्म गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हाचा. त्याच जन्माच्या दाखल्यावर भावाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि त्या पासपोर्टवर तो इंग्लंडात शिरला. बाबांना हा शुद्ध अन्याय वाटायचा. "जन्माक इलंय मी, आणि विमानात बसलो तो!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आई गेली तेव्हा भाऊ आला, तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी परत गेला. त्यानंतर आलाच नाही. दर रविवारी त्याचा फोन यायचा. बाबा विचारायचे, "जेवलंस?" तो म्हणायचा, "जेवलो." मग फोन माझ्या हातात यायचा.

मधल्या काळात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. ज्यांची काजूची झाडं त्यात गेली त्यांनी शिव्या दिल्या, ज्यांनी टॅक्सी घेतल्या त्यांनी पेढे वाटले. बाबांनी दोन्ही केलं नाही. ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि घरावरून जाणाऱ्या विमानांच्या वेळा बघायचे. "दुपारचां आज बारा मिनिटां लेट," असं मला फोनवर सांगायचे. जणू उद्या त्या पायलटाला डेपोत उभं करून जाब विचारायचा होता.

तर एका रविवारी भाऊ जेवण्याबिवण्याचं सोडून म्हणाला, "बाबा, तुम्ही या इकडे. दीड-दोन महिने राहा." बाबांनी लगेच हो म्हटलं नाही. आधी त्यांना रूटची माहिती हवी होती. मी फोनवर गोवा ते लंडन अंतर शोधून दाखवलं. सात हजार सहाशे किलोमीटरच्या आसपास. वेळ मात्र तीन ठिकाणी तीन निघाली. एका साइटवर नऊ तासांच्या आसपास, दुसरीकडे साडेदहा, तिसरीकडे सोळा.

"एका रूटाक तीन टायम?" बाबा भडकले. "हेंचो टायमकीपर खंय आसा?"

मी समजावलं. पहिली साइट नकाशावर सरळ रेघ मारते आणि विमान एकाच वेगानं जातं असं धरून भागाकार करते. दुसरी कंपनीच्या वेळापत्रकातली वेळ सांगते. तिसरीनं मुंबईला विमान बदलायचा वेळही धरला आहे.

"म्हणजे पयलो फटींग, खोटारडो," बाबा म्हणाले. "सरळ रेघ मारून कोण गाडी चालवता? सरळ रेघ मारली तर डिचोलीय इब्रामपुरासून वीस मिनिटांर. मधी न्हंय आसा, तेचो पूल आसा, डोंगर आसा, ता कोणी बघूचा?"

सोळा तासांची वेळ त्यांना पटली. तिच्यात थांबा धरला होता.

व्हिसा आला, तिकीट भावानं तिथूनच काढलं आणि मला पाठवलं. मी ते छापून घेतलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, गोवा ते मुंबई, मुंबई ते लंडन. गोव्यातून निघणाऱ्या माणसाच्या तिकिटावर गोवा असणारच, त्यात तपासायचं काय? खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं. सरकारी ऑफिसात वीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईनं बारीक अक्षरं वाचायला हवी होती. पण आम्ही बारीक अक्षरं लिहितो. वाचायची दुसऱ्यांनी.

निघायच्या दिवशी आमच्या अंगणात अर्धं इब्रामपूर जमलं. मे महिन्यातली सकाळ, नऊ वाजताच घामाच्या धारा. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान समोरच्या काकांचा. हे काका डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचे. तीस वर्षं एकाच रस्त्यावर, एक बसमधून आणि एक खनिजाच्या ट्रकमधून, एकमेकांना शिव्या देत गेलेली ही दोन माणसं आता रोज संध्याकाळी एकत्र चहा पितात. काकांनी नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज हो तुझो लेकरू सात समुद्र ओलांडून जाता हा. तेच्या विमानाक वाटेत कसली इडापिडा आसली तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

देवाला लंडनपर्यंतचा रस्ता व्यवस्थित सांगितला गेला. मधल्या एका टप्प्याचं कुणाच्याच ध्यानात नव्हतं, आणि न सांगितलेलं काम देवही करत नाही. सरकारी नोकर म्हणून मी ते समजू शकते.

माझा नवरा गाडी चालवायला, मी मागं, बाबा पुढं. घर ते मोपा अर्ध्या तासाचा रस्ता, आम्ही सत्तावीस मिनिटांत पोचलो. बाबा खूश. गळ्यात झेंडूचा हार तसाच, हातात कोकम आणि काजूगराची पिशवी. विमान बारा चाळीसचं, आत्ता कुठं दहा वाजत होते. दारावरच्या पोलिसानं तिकीट घेतलं, पासपोर्ट बघितला, परत तिकीट बघितलं, मग बाबांच्या हाराकडं बघितलं. त्याला वाईट वाटलं असावं.

"अंकल," तो म्हणाला, "ये फ्लाइट यहाँ से नहीं है. दाबोळी से है."

मला आधी वाटलं, याला वाचता येत नाही. मग मी ती बारीक अक्षरं वाचली.

 बाबांनी हार काढून पिशवीत कोंबला, घड्याळ बघितलं आणि जावयाला म्हणाले, "गाडी काढ."

मोपा ते दाबोळी म्हणजे गोव्याचा उत्तरेकडचा एक विमानतळ सोडून दक्षिणेकडचा दुसरा गाठायचा. रस्ता बरा असेल तर दीड तास. आम्ही धारगळ मागं टाकलं, कोलवाळचा पूल ओलांडला, म्हापसा बाहेरून काढलं. बाबा पुढं बसून रस्ता बघत होते आणि दर गावाला उरलेली मिनिटं सांगत होते. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू होतं. समोर लाल दिव्यांची रांग. बाबा म्हणाले, "डावीकडे घाल, आतल्या रस्त्यान जावया." नवरा म्हणाला, "बाबा, मॅप सरळ दाखवतोय." बाबा म्हणाले, "मॅपान कधी गाडी चालवल्यान?" नवरा सरळ गेला. आम्ही तिथं वीस मिनिटं उभे राहिलो. आतल्या रस्त्यानं गेलो असतो तर काय झालं असतं, हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे. मी त्यात पडत नाही, मला दोघांबरोबरही राहायचं आहे.

दाबोळीला काउंटरपाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती. काउंटर अकरा चाळीसला बंद झाला होता. मी तिथल्या मुलीला हात जोडले, वडील म्हातारे आहेत, पहिल्यांदाच जातायत, पुढं लंडनचं विमान आहे, सगळं सांगितलं. माझा आवाज चढायला लागला. तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला.

"किती उशीर झालो?" त्यांनी तिला विचारलं.

"अकरा मिनिटं, अंकल. सॉरी."

"तुझां बरोबर आसा," बाबा म्हणाले. "मी पण कधी कोणासाठी थांबूक नाय."

आणि ते मागं वळून चालायला लागले. ती मुलगी मला म्हणाली, असं आजवर कुणी बोललं नव्हतं. मला तिचं कौतुक ऐकायला वेळ नव्हता.

 परत येताना झुआरीच्या पुलावर बाबांनी गाडीची काच खाली केली. "तेका ठावकच नाय," ते म्हणाले.

"कुणाला? काय?"

"तुझ्या भावाक. आपल्याकडे विमानतळ झालो, ता."

मी भावाला फोन लावला. तो झोपेतून उठला होता. मी झाडायला सुरुवात केली तर तो म्हणाला, "ताई, थांब. दुसरा विमानतळ म्हणजे कुठला?"

"आपल्या घरावरचा. अंगणात उभं राहिलं की विमानाच्या पोटावरची अक्षरं वाचता येतात."

"मोपाच्या पठारावर? आपण करवंदं काढायला जायचो तिथं?"

"हो."

"मला वाटलं ते नुसतंच बोलणं चाललंय. म्हणजे झालं असेल, पण..."  मला आणखी शिव्या सुचेनात. तो आईच्या वेळी आला तेव्हा दाबोळीलाच उतरला होता. त्याच्या डोक्यातला गोवा तिथंच थांबला होता. आणि रविवारच्या जेवलंस-जेवलोमध्ये विमानतळाची बातमी सांगायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

त्यानं मोपाहून निघणारं तिकीट काढलं. पण ते पाचव्या दिवसाचं मिळालं. म्हापशाजवळ आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "घरी सोडू ना, इब्रामपूरला?"

"खबरदार!" बाबा म्हणाले. "गाऱ्हाणां घातलानी, नारळ फोडलानी. आता काय सांगू लोकांक? लंडन बंद होता म्हणून?"

तसे ते डिचोलीला आमच्या घरी आले.

डिचोलीत लपणं हे त्यांच्यासारख्या माणसाला लंडनला जाण्यापेक्षा अवघड. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, खाली रस्ता, रस्त्यावरून पेडण्याच्या बसगाड्या. प्रत्येक ड्रायव्हर त्यांना ओळखतो. खाली उतरायची सोय नाही, गॅलरीत उभं राहायची सोय नाही. पडद्याच्या फटीतून ते बस बघायचे आणि वेळा पुटपुटायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं की ते जाणार नाहीत. देवाच्या मनात नाही, असं म्हणाले. तीस वर्षं बसला लिंबू-मिरची बांधू न देणारा हा माणूस. मी म्हटलं, "बाबा, देवाचा काही संबंध नाही, तिकीट मी नीट वाचलं नाही." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

इकडे समोरच्या काकांचे फोन येत होते, पोचलास का विचारायला. बाबा उचलत नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्यांनी स्वतःच फोन करायचं ठरवलं. तयारी जय्यत. कागदावर वेळेचा फरक लिहिलेला, साडेचार तास. पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद. बनियनवर बसले होते, कपाळावरून घाम ठिबकत होता. मी म्हटलं, व्हॉट्सअॅपवरून करा. ते त्यांनी मानलं.

"पोचलंय रे," बाबा म्हणाले. फोन स्पीकरवर होता.

"कसां आसा थंय?" काकांचा आवाज.

"थंड. लय थंड." त्यांनी पंच्यानं मान पुसली.

"विमानाक किती टायम लागलो?"

इथं बाबांना अवसान चढलं. "मुंबयसून दहा तास पाच मिनिटां. तशी धा तासांची गाडी, पाच मिनिटां लेट मारल्यान."

"आता किती वाजले थंय?"

बाबांनी कागदाकडं बघितलं. "साडेनऊ. रातीचे. जेवलंय, आता झोपतंय."

मी कपाळावर हात मारला. त्यांनी साडेचार मिळवले होते. आणि त्याच क्षणी खालून आवाज आला, पों-पों, पों-पों. पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला होता. तो रोज पाचलाच येतो. एवढं सगळं ठरवताना तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"ह्यां काय वाजता?" काकांनी विचारलं.

"गाडी. हंयची गाडी."

"पोदेरासारखी वाजता."

"हंयच्यो गाडयो तशोच वाजतत," बाबा म्हणाले.

तेवढ्यात तळमजल्यावरची बाई खिडकीतून ओरडली, "चार उंडे दी रे! काल करपिल्ले दिल्ले!"

 मग काका म्हणाले, "बरां. जप स्वतःक." आणि फोन ठेवला.

"कळला नाय तेका," बाबा म्हणाले आणि पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली. मी दार थोडं उघडलं तर समोर काका, डोक्यावर हेल्मेट, हातात पिकलेल्या आंब्यांची पिशवी. मला बाजूला सारून ते आत आले. बाबा सोफ्यावर चहात पोदेराचा उंडो बुडवत होते. काकांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि खुर्चीत बसले.

"लंडन बरांच जवळ आसा रे," ते म्हणाले. "स्कूटरीन पाऊण तास."

बाबांच्या हातातला उंडो चहात पडला.

मी आत चहा टाकायला गेले. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यात नुसता पडदा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. आधी काका पोटभर हसले. मग त्यांनी सांगितलं की गावात त्यांनी काहीच कळू दिलेलं नाही. उलट काल देवळात सगळ्यांना सांगितलंय, लंडनहून फोन होता, थंडी फार आहे म्हणून. "तेवां आता तुका जावकच व्हया," ते म्हणाले. "नाय तर गावात मी खोटो पडतलंय."

बाबांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुका एक सांगू? आई गेली... म्हणजे माझी बायल गेली, तेवां तो तेरा दिवस घरात होतो. आमी पंधरा वाक्यां पण बोलूक नाय. एकाच खोलयेत झोपायचंव. आता सात हजार सहाशे किलोमीटर जावन काय बोलू तेच्याकडे? दोन महिने? जेवलंस काय, म्हणून?"

चहा उतू गेला तरी मला कळलं नाही. बाबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. देवाच्या मनाचं कारण मला, आणि खरं कारण ज्याला रस्त्यात तीस वर्षं शिव्या दिल्या त्याला.

काकांना असलं बोलायची सवय नाही. ते जरा वेळ आंब्यांच्या पिशवीशी चाळा करत राहिले. "माका काय कळता?" शेवटी म्हणाले. "माझो एक झील, सख्खो पोरगो, घरात आसा, तो पण बोलना. जा, थंय सोळावां वाक्य बोल. नाय सुचला तर माका फोन कर. पण संध्याकाळी पाचाक नको."

पाचव्या दिवशी आम्ही बाबांना मोपाला नेलं. हार नाही, गाऱ्हाणं नाही. काका स्कूटरवरून परस्पर तिथं आले आणि दारावर उभे राहून तिकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून त्यांनी स्वतः दोनदा वाचली. बाबा आत गेले. जाताना आमच्याकडं वळून न बघता त्यांनी हात वर केला आणि हवेत दोरी दोनदा ओढली. तीस वर्षं बस सोडताना करायचे तसं.

मग ऑफिसात जाऊन मी दिवसभर फोनवर ते विमान बघत बसले. मुंबईहून निघालेलं एक बारीकसं पिवळं विमान नकाशावर सरकत होतं. किती किलोमीटर झाले, किती उरले, खाली आकडे बदलत होते. ते कुठं वळसा घालत होतं, कुठं सरळ जात होतं. पहिल्या साइटवरची सरळ रेघ खरंच खोटी निघाली. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई म्हणाली, अगं, तू बघितलंस म्हणून ते लवकर पोचणार आहे का? मी म्हटलं, नाही, पण लेट झालं तर बाबा मला विचारतील.

पोचल्यावर भावाचाच फोन आला. बाबा बाहेर आले, त्यांनी त्याला वरून खाली बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, "तुझ्या गावात विमानतळ झालो, तुका कोणी सांगूक नाय, ही आमची चूक." भावानं मित्राकडून मागून आणलेल्या गाडीत त्यांच्या पिशव्या ठेवल्या आणि मग बराच वेळ डिकीचं झाकण लावायचं विसरून उभा राहिला, असं त्यानंच मला सांगितलं.

पुढचे काही दिवस मात्र बाबांना भीती होती तसेच गेले. फोन केला की बाबा म्हणायचे, बरां आसा. भाऊ म्हणायचा, बरं चाललंय. मी समजले, दोघं दोन खोल्यांत बसून टीव्ही बघतायत.

मग दुसऱ्या आठवड्यात भावाचा आवाज वेगळा लागला. झालं असं होतं. त्याच्या घरापासून गोदाम दोन बस बदलून दीड तासावर. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. रोज दीड तास जायचं, दीड तास यायचं, आणि आजवर कुणाला बोलला नाही? दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वेटर घालून दारात उभे. "चल," म्हणाले, "रूट बघतंय." ते त्याच्याबरोबर गोदामाच्या फाटकापर्यंत गेले, त्याला आत सोडलं आणि तीच बस धरून परत आले. संध्याकाळी पुन्हा न्यायला हजर. मग रोजच.

"ताई," भाऊ म्हणाला, "बाबा घरात एक शब्द बोलत नाहीत. पण बसमध्ये बसले की थांबतच नाहीत गं." आईनं लग्नाआधी त्यांच्याच बसमधून फुकट जायचा हट्ट कसा केला होता आणि त्यांनी तिला तिकीट कसं काढायला लावलं होतं. मांद्र्याच्या स्थळाला नाही म्हटल्याचं त्यांना नंतर वाईट वाटत राहिलं, समुद्र बरा होता म्हणून. खाणी जोरात होत्या तेव्हा रस्ता कसा लाल व्हायचा. भावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मलाही यातलं निम्मं नव्हतं. तोही मग बोलायला लागला. गोदामातलं, घरमालकाचं, एका मुलीचं. त्या मुलीचं मला त्यानं अजून सांगितलेलं नाही, बाबांकडून कळलं.

तिथल्या बसला कंडक्टर नाही, हे मात्र बाबांना अजिबात पटलं नाही. ड्रायव्हरनंच तिकीट बघायचं म्हणजे काय? ते रोज त्याबद्दल कुरकुर करायचे. एके दिवशी बसमध्ये गर्दी होती, दोघांना शेजारी जागा मिळाली नाही. भावाला खिडकीपाशी एक सीट मिळाली. बाबा त्याच्या शेजारी दांडा धरून उभे राहिले आणि उभ्यानंच त्याला चोडणच्या फेरीबोटीत एकदा बस कशी अडकली होती ते सांगायला लागले. पलीकडच्या एका गोऱ्या बाईनं त्यांचं वय बघून उठून त्यांना जागा देऊ केली. बाबांनी मान हलवली.

"नो, नो," ते म्हणाले. "ड्यूटी."

बाईला काही कळलं नाही. तिनं भावाकडं बघितलं. त्यानं फक्त मान डोलावली आणि बाबांना म्हणाला, "मग? फेरीबोटीचं पुढं काय झालं?"